ट्रॅव्हल सॉफ्टबॉल: मुलीला मैदानावर किती वेळ मिळायला हवा?

बाकावरचा_बाबा (डॅलसजवळ, टेक्सास)

नमस्कार. अमेरिकेत मुलींना सॉफ्टबॉल खेळवणारे आणखी काही पालक येथे आहेत हे जुन्या गप्पांवरून ठाऊक असल्यामुळे हा धागा काढतो आहे. माझी मुलगी साडेअकरा वर्षांची आहे. दोन वर्षे गावातल्या रिक्रिएशन लीगमध्ये (हौशी, सगळ्यांना खुल्या) खेळल्यावर गेल्या ऑगस्टच्या ट्रायआउटमध्ये (निवड चाचणीत) तिची १२ वर्षांखालील ट्रॅव्हल संघात, म्हणजे बाहेरगावच्या स्पर्धांना जाणाऱ्या निवडक संघात, निवड झाली, तेव्हा आम्ही पेढे वाटले होते. आता मे महिना आला आहे, आणि शनिवारी पहाटे साडेपाचला डबे भरून, दोन तास गाडी हाकून आम्ही जे पाहायला जातो, ते बहुतांशी तिचे डगआउटमध्ये बसणे असते.

संघात १२ मुली आहेत. शनिवारी पूलचे (गटातले, प्राथमिक) सामने असतात आणि त्यांत सगळ्याच मुलींना बॅटिंग मिळते, त्यामुळे तिची पाळी सामन्यात एकदा किंवा दोनदा येते. क्षेत्ररक्षणात मात्र ती दोन डाव राइट फील्डला (मैदानाच्या बाहेरच्या भागात उजवीकडे) उभी राहते आणि परत येऊन बसते. रविवारी बाद फेरी सुरू झाली की बॅटिंगची यादी नऊ जणींवर येते आणि ती नऊ नावे आता आम्हांला पाठ झाली आहेत. शॉर्टस्टॉपला (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधल्या जागी) कोचची मुलगी असते. हे वाक्य लिहिताना त्यात कडवटपणा आला आहे हे मला कळते. ती मुलगी खरोखर चांगली खेळते, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे.

फी सगळ्यांची सारखी आहे, हॉटेलचा खर्चही सारखा आहे. मग खेळायला मिळणारा वेळ सारखा असावा अशी अपेक्षा करणे चूक आहे का? आणि अशा बसण्याने तिचा खेळ मागे पडत असेल तर हंगाम अर्धवट सोडून दुसरा संघ पाहावा का?

पाचवा_बेस (न्यू जर्सी)

तीन वर्षे मुलीच्या संघाचा सहायक कोच होतो. सहायक कोच म्हणजे चेंडूंच्या बादल्या उचलणारा आणि पाऊस पडून गेला की मैदानावर कोरडी माती पसरणारा बाप, इतकेच समजा.

तुमच्या लिखाणात न्यायाचा आणि कौशल्याचा असे दोन प्रश्न एकमेकांत गुंतले आहेत. न्यायाचे उत्तर तुलनेने सोपे आहे. लिटल लीगच्या (गावोगावच्या मुलामुलींच्या लीगच्या) नियमित हंगामात प्रत्येक मुलीला दर सामन्यात किमान सहा आउट होईपर्यंत क्षेत्ररक्षण आणि एकदा तरी बॅटिंग द्यावीच लागते. तो नियमच आहे. ट्रॅव्हल सॉफ्टबॉलमध्ये असे बंधन सहसा नसते. तेथे कोच ट्रायआउटच्या वेळी जे सांगतो तेच बंधन, आणि बहुतेक पालक त्या दिवशी निवडीच्या आनंदात काहीच विचारत नाहीत. मीही विचारले नव्हते.

कौशल्याबद्दल बोलण्यापूर्वी एक विनंती आहे. येत्या शनिवार-रविवारी वही घेऊन बसा आणि तुमच्या मुलीकडे प्रत्यक्षात किती चेंडू आले ते मोजा. तिच्याबरोबर शॉर्टस्टॉपकडे आलेलेही मोजा. नंतर बोलू.

स्पष्टवक्ता_सॅन_होजे

थोडे कटू बोलतो, राग मानू नये. सगळ्यांना सारखा वेळ हवा असेल तर त्यासाठी रिक्रिएशन लीग आहे आणि ती वाईट नाही. ट्रॅव्हल संघात आपण फी भरतो ती प्रशिक्षणासाठी, मैदानासाठी आणि स्पर्धांच्या प्रवेशासाठी. मैदानावरची जागा त्या फीमध्ये येत नाही, ती मिळवावी लागते. माझी मोठी मुलगी पहिले वर्षभर बाकावर होती. दुसऱ्या वर्षी ती सेंटर फील्डला खेळू लागली, कारण त्या रागात तिने हिवाळाभर गॅरेजमध्ये बॅटिंग टीवर (चेंडू ठेवायच्या खांबावर) चेंडू मारले. शिवाय मोठ्या स्पर्धांत खेळणारा संघ हातचा सोडला तर पुढे कॉलेजच्या कोचच्या नजरेत येणे अवघड होते, हाही विचार करावा.

पाचवा_बेस

कॉलेजचा विषय साडेअकराव्या वर्षी बाजूला ठेवू या. एनसीएएच्या (अमेरिकेतल्या कॉलेज खेळांच्या संघटनेच्या) पहिल्या, म्हणजे सर्वांत वरच्या, डिव्हिजनमधल्या कोचना अकरावीच्या वर्षीच्या १ सप्टेंबरपूर्वी मुलींशी थेट भरतीचे बोलणे करता येत नाही. शिष्यवृत्त्यांचे गणितही बदलले आहे. पूर्वी प्रत्येक संघाला १२ पूर्ण शिष्यवृत्त्यांइतकीच मर्यादा होती. २०२५ मध्ये न्यायालयाने मंजूर केलेल्या तडजोडीनंतर, ती स्वीकारलेल्या विद्यापीठांना शिष्यवृत्त्यांची मर्यादा उरली नाही, त्याऐवजी संघात जास्तीत जास्त २५ खेळाडू अशी मर्यादा आली. या मुली तेथे पोहोचेपर्यंत आणखी काय बदलेल ते कोण सांगणार? बारा वर्षांखालील स्पर्धेच्या कडेला कोणी कॉलेजचा कोच टिपणे घेत बसलेला असतो, हा भ्रम मात्र पुष्कळांच्या पाकिटाला जड गेला आहे.

वऱ्हाडी_कॅचर (पूर्वी अमरावती, आता शिकागोच्या उपनगरात)

धागा वाचून लिहिल्यावाचून राहवले नाही. मी शाळेत असताना सॉफ्टबॉल खेळले आहे, जिल्ह्यापर्यंत आणि एकदा विभागापर्यंत. ‘भारतात कोण सॉफ्टबॉल खेळते?’ असे येथे मराठी लोकही मला विचारतात, तेव्हा हसू येते. महाराष्ट्रातल्या शालेय स्पर्धांत १४, १७ आणि १९ वर्षांखालील गटांत हा खेळ नियमित होतो. आमच्या सरांकडे ग्लोव्ह कमी आणि मुली जास्त होत्या, त्यामुळे डाव बदलला की क्षेत्ररक्षण संपवून येणारी मुलगी आपला ग्लोव्ह समोरच्या संघातल्या मुलीच्या हातात देऊन जायची. काळ्या मातीच्या मैदानावर जमिनीलगत आलेला चेंडू भेगेत पडून कोणत्या दिशेला उडेल हे देवालाही सांगता आले नसते. त्या मैदानाने मला चेंडूसमोर छाती आणायला शिकवले, एवढे खरे.

बाकावरच्या मुली आमच्याकडेही होत्या, पण वेगळ्या कारणाने. दहावी-बारावीला क्रीडा सवलतीचे गुण मिळतात, म्हणून ज्यांनी कधी बॅट धरली नाही अशा दोन-तीन मुलींची नावे प्रवेशिकेत घातली जायची. त्यांना खेळायला मिळाले नाही याचे दुःख कोणालाच नव्हते, त्यांना स्वतःलाही नव्हते. तुमच्या मुलीला ते आहे, ही माझ्या मते चांगली बातमी आहे.

आता मुद्द्याचे. राइट फील्ड ही शिक्षेची जागा आहे असे तुमच्या लिहिण्यातून वाटले. बेसमधले अंतर ६० फूट असलेल्या या खेळात राइट फील्डर पुढे येऊन उभी राहिली आणि जमिनीलगतचा जोरदार फटका तिच्याकडे आला, तर ती तो उचलून थेट पहिल्या बेसवर फेकून बॅटरला आउट करू शकते. क्रिकेट पाहत वाढलेल्या आपल्या डोळ्यांना हे पटत नाही, कारण आपल्याला बाहेरचा क्षेत्ररक्षक चेंडू अडवण्यासाठी असतो असे वाटते. त्याशिवाय इनफिल्डमधून (बेसजवळच्या आतल्या भागातून) पहिल्या बेसकडे जाणाऱ्या प्रत्येक फेकीच्या मागे राइट फील्डरने धावायचे असते, बंट (बॅट न फिरवता हळूच टेकवलेला चेंडू) झाला तरी, आणि कॅचरने धावपटूला पकडण्यासाठी अचानक पहिल्या बेसवर चेंडू टाकला तरीही. दहापैकी नऊ वेळा ती धाव वाया जाते. दहाव्या वेळी चेंडू पहिल्या बेसवरच्या मुलीच्या हातून सुटतो आणि मागे कोणी नसेल तर धावपटू तिसऱ्या बेसवर जाऊन उभी राहते.

वहीत आणखी एक रकाना पाडा. तुमची मुलगी पहिल्या बेसमागे किती वेळा धावली आणि किती वेळा धावायला हवे होते, हे त्यात लिहा.

बाकावरचा_बाबा

आपण सांगितल्याप्रमाणे वही भरली. शनिवारी तीन, रविवारी दोन असे पाच सामने झाले. प्रत्येक सामन्याला ७५ मिनिटांची मर्यादा असल्याने कागदावरचे सात डाव कधीच पूर्ण झाले नाहीत. आमचा संघ एकूण २१ डाव क्षेत्ररक्षणाला उतरला. त्यांपैकी माझी मुलगी ७ डाव होती, सगळे राइट फील्डला. तिच्याकडे दोन चेंडू आले. बॅटिंगला ती पाच वेळा गेली, रविवारी एकदाही नाही. पाच वेळांत मिळून तिने बॅट नऊ वेळा फिरवली.

शॉर्टस्टॉपची मुलगी २० डाव खेळली आणि तिच्याकडे ११ चेंडू आले. सेंटर फील्डची मुलगी सगळे २१ डाव खेळली, तिच्याकडे पाच. हे आकडे पाहून मी जरा वेळ गप्प बसलो. संघातल्या ज्या मुलीचा हेवा करत मी वर्ष काढले, तिलाही दोन दिवसांत अकराच चेंडू मिळाले होते, आणि आमच्या मागच्या अंगणात ३५ चेंडूंची बादली पंधरा-वीस मिनिटांत रिकामी होते.

वऱ्हाडी_कॅचर, तुमच्या रकान्याबद्दल सांगायला संकोच वाटतो. इनफिल्डमधून पहिल्या बेसवर १४ वेळा फेक झाली. ती चार वेळा धावली. उरलेल्या दहा वेळा ती जागेवर उभी राहून पाहत होती, आणि खरे सांगायचे तर मीही तिच्याइतकाच अनभिज्ञ होतो.

पाचवा_बेस

हेच दाखवायचे होते, मात्र त्यातून ‘सामन्यातला वेळ महत्त्वाचा नाही’ असा उलटा अर्थ काढू नका. हाताचे आणि पायांचे काम अंगणात होते. पहिल्या व तिसऱ्या बेसवर धावपटू असताना पहिल्या बेसवरची मुलगी मुद्दाम पळत सुटली, तर दुसऱ्या बेसवर फेकायचे, चेंडू हातात धरून तिसरीकडे पाहायचे की थेट होमकडे (बॅटरच्या जागेकडे) फेकायचे, हा निर्णय अंगणात शिकता येत नाही. तिसरा स्ट्राइक (एरवी बॅटरला बाद करणारा चेंडू) कॅचरच्या हातून सुटला की ठरावीक परिस्थितीत बॅटरने पहिल्या बेसकडे धावायचे असते, हे नियमात वाचून कळते. पण तो क्षण अंगवळणी पडायला तो तीन-चार वेळा चुकावा लागतो, आणि चुकण्यासाठी मैदानात असावे लागते.

म्हणून मी आता संघाची परीक्षा त्यांच्या मंगळवारच्या सरावावरून करतो, रविवारच्या यादीवरून करत नाही. दोन तासांच्या सरावात मुली बारा जणींच्या एका रांगेत उभ्या राहून एकेक चेंडू उचलत असतील, तर दोन तासांत प्रत्येकीला पंधरा-वीस चेंडू मिळतात आणि बाकीचा वेळ केसांच्या वेण्या घालण्यात जातो. तोच कोच तीन गट करून एकीकडे टी, एकीकडे जमिनीलगतचे चेंडू आणि एकीकडे बेसवर खऱ्या धावपटू ठेवून परिस्थितीचा सराव घेत असेल, तर बाकावरची मुलगीही त्या संघात वाढते. आपल्या मुलीला सरावात कोणत्या जागांवर उभे करतात ते पाहा. सरावातही ती कायम राइट फील्डलाच असेल, तर तिला दुसरी जागा मिळण्याचा रस्ता बंद आहे असे समजायला हरकत नाही.

अंगणातला_चेंडू (अटलांटा)

माझी बाजू उलटी आहे, म्हणून ती मांडते. माझी मुलगी पिचर आहे आणि तिला फार खेळवले गेले. बारा वर्षांखालील गटात पिचर ४० फुटांवरून चेंडू टाकते, आणि त्या अंतरावर माझ्या मुलीचा वेग इतर मुलींना झेपत नव्हता. परिणामी संघात तीन पिचर असूनही पाचपैकी चार सामने तीच टाकायची. आम्हांला त्याचा अभिमान होता, हे लपवत नाही. विंडमिल पद्धतीत हात खालून फिरतो, म्हणून खांद्यावर ताण येत नाही, असे सगळे सांगत होते आणि आम्ही विश्वास ठेवला. तो समज चुकीचा आहे. त्या फिरण्यात खांद्याच्या पुढच्या भागावर आणि दंडाच्या स्नायूवर मोठा ताण येतो आणि विश्रांती न मिळाल्यास तो साचत जातो. डॉक्टरांनी सहा आठवडे चेंडूला हात लावू दिला नाही.

खांदा बरा झाला, पण दुसरे नुकसान उशिरा लक्षात आले. जिंकण्यासाठी वेगवान चेंडू पुरेसा असल्यामुळे कोच सामन्यात तिच्याकडून दुसरे काही टाकूनच घेत नव्हते. चेंजअप (बॅटरला फसवणारा हळू चेंडू) तिला प्रशिक्षकाने दहाव्या वर्षी शिकवला होता. तो सामन्यात टाकण्याची हिंमत तेराव्या वर्षीही तिला नव्हती. चौदा वर्षांखालील गटात अंतर ४३ फूट झाले, समोरच्या मुली मोठ्या झाल्या, आणि ज्या वेगावर ती दोन वर्षे जिंकली, तोच वेग त्या सहज मारू लागल्या. संघातली ती तिसरी पिचर, जिला कोणी विचारत नव्हते, तिने त्या दोन वर्षांत अंगणात ड्रॉप बॉल (बॅटरजवळ खाली पडणारा चेंडू) आणि चेंजअप घोटून घेतला होता. आज ती माझ्या मुलीच्या पुढे आहे.

स्पष्टवक्ता_सॅन_होजे

अंगणातला_चेंडू, तुमचे म्हणणे मान्य. माझ्या मुलीच्या बाबतीत मी जे ‘रागाने केलेले कष्ट’ म्हणालो, त्यातला अर्धा भाग एका चांगल्या सहायक कोचचा होता, हे मी लिहिले नव्हते. तिला तिसऱ्या-चौथ्या डावात पिचर किंवा कॅचरसाठी कर्टसी रनर (तिच्याऐवजी बेसवर धावणारी) म्हणून पाठवले जायचे. सॉफ्टबॉलमध्ये चेंडू पिचरच्या हातून सुटेपर्यंत बेस सोडता येत नाही, त्यामुळे तो सुटण्याचा नेमका क्षण ओळखणे हीच धावण्याची निम्मी विद्या असते. बाकावर बसून ती समोरच्या पिचरचा हात पाहत राहायची. ते कोणी तरी तिला सांगितले होते. नुसते बसल्याने ते आपोआप आले नसते.

तरीही एका गोष्टीवर ठाम आहे. बापाने कोचला सामन्यानंतर पार्किंगमध्ये गाठू नये.

वऱ्हाडी_कॅचर

त्या शेवटच्या वाक्याला अनुमोदन. निदान एक रात्र जाऊ द्यावी, आणि बोलणे मुलीने करावे. अकरा वर्षांची मुलगी ‘मला सेकंड बेस खेळायचा असेल तर काय सुधारावे लागेल?’ असे विचारू शकते. तुम्ही शेजारी उभे राहा आणि शक्यतो तोंड मिटून राहा. ‘अमकीला का खेळवता?’ या प्रश्नाला कोणताही कोच नीट उत्तर देणार नाही, आणि द्यायलाही नको, कारण ती अमकी दुसऱ्या कोणाची तरी मुलगी आहे.

आमच्या वेळी खो-खोच्या संघातही बारा जणी असायच्या आणि नऊ मैदानात उतरायच्या. बाहेर बसणाऱ्या तिघींना आमच्या बाई प्रत्येक डावाचा हिशेब ठेवायला लावायच्या, कोणी कुठे खो चुकवला ते. त्या तिघींपैकी एक पुढच्या वर्षी संघाची कप्तान झाली. हे मी सल्ला म्हणून सांगत नाही, तुमच्या वहीवरून आठवले इतकेच.

बाकावरचा_बाबा (पाच आठवड्यांनंतर)

उशिरा लिहितो आहे, क्षमस्व. मुलगी कोचशी बोलली. मी मागे उभा होतो आणि दोनदा तोंड उघडून मिटले. कोचनी तिला सरळ सांगितले की रविवारी नऊ जणींत तिचे नाव या हंगामात येणे कठीण आहे, कारण पहिल्या बेसकडे फेकताना तिचा चेंडू टप्पा पडून जातो. शनिवारच्या एका सामन्यात दोन डाव सेकंड बेस देण्याचे त्यांनी मान्य केले आणि सरावातही तिला इनफिल्डच्या गटात घेतले. इतके स्पष्ट उत्तर मिळेल अशी माझी अपेक्षा नव्हती. ते आधीच मिळाले असते, आम्हीच विचारले नव्हते, असे पत्नीचे म्हणणे आहे.

अंगणात आम्ही रोज वीस मिनिटे फेकतो, त्यांतली पहिली दहा फक्त मनगट आणि कोपर यांसाठी, मग हळूहळू अंतर वाढवत. गेल्या दोन स्पर्धांत तिला अनुक्रमे ८ आणि ९ डाव मिळाले, म्हणजे वाढ म्हणावी तर फार नाही. पहिल्या बेसमागची धाव मात्र १६ पैकी १३ वेळा झाली. एकदा चेंडू खरोखर सुटला आणि तिने तो अडवला. धावफलकावर त्याची कुठेच नोंद नाही.

हंगाम जुलैअखेर संपेल तोपर्यंत येथेच राहायचे ठरले आहे; मध्येच सोडायला तीच तयार नाही, तिच्या मैत्रिणी आहेत. ऑगस्टच्या ट्रायआउटला दोन संघ पाहणार आहोत, त्यांपैकी एक या संघापेक्षा खालच्या पातळीवर खेळतो, पण त्यांच्याकडे दहाच मुली आहेत. त्या दोन्ही कोचना सराव पाहायला येऊ का, असे विचारले. एकाने लगेच दिवस दिला, दुसऱ्याचे उत्तर अजून आलेले नाही.

पाचवा_बेस यांना एक प्रश्न आहे. तिचा चेंडू सेकंड बेसवरून नीट जातो, राइट फील्डवरून मात्र अजूनही एक टप्पा घेतो. तेथून टप्पा पाडूनच फेकायला शिकवावे का?

पाचवा_बेस

हो, नि:संकोच. एक लांब, सपाट टप्पा बेसच्या दहा-बारा फूट अलीकडे पडला, तर पहिल्या बेसवरच्या मुलीला तो झेलायला सोपा जातो. उंच उडवलेला चेंडू अंतर पार करतो खरा, पण तो हवेत असताना बॅटर बेसवर पोहोचलेली असते. जमिनीवर एक टॉवेल टाका आणि त्यावर टप्पा पाडायला सांगा. टॉवेल जुना घ्या, त्याची अवस्था वाईट होते.